उपाशी ओळी

फोन ठेवणं मॅडमना जमत नसे. फोनवर त्या फार बोलत असं मुळीच नाही. दोन वाक्यांत काम संपायचं आणि मग नुसती शांतता. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या पीएचडीच्या गाइडना वाटे की बाई वयानं मोठ्या, तेव्हा आधी त्यांनी ठेवावा. त्यामुळे दोघं बराच वेळ एकमेकांचा श्वास ऐकत बसत. एकदा स्टाफरूममध्ये त्या अशाच कानाला मोबाइल लावून भिंतीकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं, कोण आहे? त्या म्हणाल्या, "सर आहेत. बोलून झालंय."

याचं कारण असं की तरुणपणी त्या पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. गावाबाहेर फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे आणि तासन्‌तास वाट बघावी लागे, तो काळ. समोर लाकडी बोर्ड, त्यावर भोकं, भोकांवर बारीक दिवे, आणि हातात दोऱ्यांच्या पिना. दोन्हीकडच्यांनी फोन ठेवला, दिवा विझला, की मगच पीन काढायची. पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला. त्यांना दुसऱ्या कचेरीत टेबलाची नोकरी मिळत होती. ती नाकारून त्यांनी राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्या. मी संख्याशास्त्र शिकवायला तिथं लागले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून बसल्या होत्या. पोरं त्यांना पाठीमागे एक्स्चेंज बाई म्हणत आणि समोर मॅडम. त्यांना दोन्ही ऐकू येई आणि दोन्हीला त्या ओ देत.

सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि हातात मासळीबाजारातून आणलेला थर्माकोलचा खोका, हा त्यांचा कायमचा अवतार. खोक्यात बर्फ आणि बर्फात झाडांची मुळं. शेअर रिक्षात तो मांडीवर घेऊन बसल्या की शेजारचा माणूस हळूच विचारी, "मावशी, पापलेट कसं दिलं?" त्या झाकण उघडून दाखवत. मग त्या माणसाचा स्टॉप येईपर्यंत कुणी काही बोलत नसे.

'जंतू' हा शब्द त्यांना चालत नसे. जिवाणू म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. आमचा शिपाई रोज सकाळी सगळ्यांची टेबलं फिनेलनं पुसायचा, यांच्या टेबलाशी आला की त्या हात आडवा धरत आणि सांगत, "राहू दे, आत्ताच बसलेत ते." डब्यात बारा महिने दहीभात. खाण्याआधी तो डबा समोर धरून त्या क्षणभर डोळे मिटत. मी नवी असताना मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. नंतर कळलं की दह्याचा वास घेऊन कालचं विरजण कुणाकडचं हे त्या ओळखत आणि बहुतेक वेळा बरोबर निघे.

स्टाफरूममध्ये त्या गप्पांत कधी नसत, पण सगळ्या गप्पा त्यांच्या कानावर असत. इतिहासाच्या सरांचा नळ गळतोय हे या कोपऱ्यातून, कॉमर्सच्या मॅडमचा भाचा प्लंबर आहे हे त्या कोपऱ्यातून. त्या उठत, दोघांना समोरासमोर उभं करत, म्हणत, "बोलून घ्या," आणि वर्गावर निघून जात. कॉलेजातली दोन लग्नं त्यांनी अशी जुळवली. एकाही लग्नाला गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, माझं काम जोडण्यापर्यंत.

बाजारात मात्र त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे कटकट होती, कारण जुनी माणसं त्यांना आवाजावरून ओळखत. एका सुक्यामेव्याच्या दुकानात त्यांनी पावशेर मनुका मागितल्या आणि गल्ल्यावरचे पांढऱ्या दाढीचे चाचा हातातलं काम सोडून बघत राहिले. कुवेतचा फोन लावून द्यायच्या त्या तुम्हीच ना, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आमच्या अब्बांशी भाईजानचं आखरीचं बोलणं तुम्हीच लावून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी अब्बा गेले. काय बोलले दोघं, भाईजान सांगत नाय, आम्हाला आजतागायत माहीत नाय." मॅडम म्हणाल्या, "मलाही नाही. मी लाईनवर नव्हते." चाचांनी मनुकांचे पैसे घेतले नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, खरंच ऐकलं नव्हतं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत कधी तो विषय काढला नाही.

वर्गातही एक्स्चेंज त्यांच्यासोबत असे. वाल, हरभरा, मूग अशा झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत जिवाणू राहतात, हवेतला नत्र झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण हे जमायच्या आधी झाड जमिनीत एक रसायन सोडून जिवाणूला हाक मारतं आणि जिवाणू दुसरं रसायन सोडून ओ देतो. या भागाला मॅडम कॉल म्हणत. ट्रंक कॉल दोन तऱ्हेचे असत. साधा, म्हणजे पलीकडे जो उचलेल त्याच्याशी बोला. आणि पीपी, म्हणजे ठरलेलं माणूसच लाईनवर आलं पाहिजे, नाहीतर कॉल नाही. मॅडम पोरांना सांगत की वालाचा कॉल साधा, बऱ्याच जातींचे जिवाणू त्याला चालतात. हरभऱ्याचा पीपी. पोरांनी परीक्षेत तसंच लिहिलं. पेपर तपासणाऱ्या बाहेरच्या बाईंनी प्राचार्यांना फोन करून विचारलं, की हरभरा कुणाला फोन करतो म्हणे? प्राचार्यांनी फोन मॅडमकडे दिला. मॅडमनी पंधरा मिनिटं समजावलं. पोरांना मार्क मिळाले. फोन अर्थात त्या बाईंनाच ठेवावा लागला.

पीएचडी करायचं त्यांनी ठरवलं तेव्हा निवृत्ती दिसायला लागली होती. विषय वाल आणि त्याच्या मुळांभोवतीचे जिवाणू, आणि पद्धत सिस्टिम्स बायोलॉजीची. तो शब्द तेव्हा आमच्याकडे नवाच आला होता आणि नक्की काय करायचं असतं हे गाइडनाही पुरतं ठाऊक नव्हतं असा माझा अंदाज आहे. मॅडमना मात्र तो पहिल्या दिवसापासून कळला. एक जनुक आणि एक जिवाणू घेऊन बसायचं नाही. मूळ, माती, जिवाणू, पाणी, नत्र, सगळं एकाच वेळी मोजायचं आणि कोण कुणाबरोबर वरखाली होतं ते बघायचं. "एक कॉल ऐकून गावाची खबर लागत नाही," त्या म्हणाल्या. "बोर्ड बघावा लागतो."

आकडे जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारपूस न करता हो म्हटलं, कारण त्यांना नाही म्हणण्यासाठी आधी त्यांचं बोलणं संपावं लागे आणि ते संपलंय की नाही हे कधी कळत नसे. पहिलं जाळं संगणकावर काढून दाखवलं, ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, तेव्हा त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "दिवे कुठायत?" मी जास्त रेषा असलेले ठिपके पिवळे केले. "आता बरोबर," त्या म्हणाल्या आणि मला वाटतं त्यांचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसायला मात्र त्यांनी साडीचा पदर वापरला नाही, माझी ओढणी वापरली.

वाल लावायला जमीन पनवेलजवळ सुकापूरला मिळाली होती. भाताचं पीक निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकायचा, ही तिकडची रीत. जमीन हिराकाकीच्या घरामागची. हिराकाकीच्या नवऱ्यानं बिल्डरशी करार केलाच होता. आजूबाजूला टॉवर उभे राहत होते आणि या तुकड्यावरही दोन हंगामांनंतर भराव पडणार होता. तोवर बाईंनी काय ते लावावं, असं ठरलं. शेंगा काकीच्या घरी जायच्या आणि मॅडमना फक्त मुळं हवी असायची. बाईंना शेंगा सोसत नसतील, अशी काकीची समजूत होती.

प्रयोग साधा होता. काही ओळींना युरिया, काहींना शेणखत, काहींना पाकिटातलं जिवाणूंचं संवर्धक, आणि काहींना काहीच नाही. ज्यांना काहीच द्यायचं नाही त्या तुलनेसाठी. त्यांच्याशी ताडून बाकीच्यांना काय फरक पडला ते कळतं. शास्त्रात त्यांना कंट्रोल म्हणतात. मॅडम त्यांना उपाशी ओळी म्हणत. कुठली ओळ उपाशी हे ठरवायला मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, म्हणजे एका कडेची माती बरी आणि दुसऱ्या कडेची वाईट असली तरी कुणावर अन्याय नको. उपाशी ओळींच्या टोकाला नुसती काठी, बाकीच्यांच्या काठीला रंगीत रिबिनी. या चिठ्ठ्यांचा मला फार अभिमान होता.

पहिल्या हंगामातच एक गंमत दिसली. ज्यांना काही मिळत नव्हतं त्याच ओळींचं जाळं सगळ्यांत दाट निघालं. युरियाच्या ओळींत मोजके ठिपके, आळसावलेल्या रेषा. उपाशी ओळींत सगळा बोर्ड पेटलेला. याचा अर्थ लावणं अवघड नव्हतं. ज्याला घरात सगळं मिळतं ते मूळ कशाला कुणाला हाक मारेल? उपाशी आहे ते मारतं. मॅडमनी प्रबंधाचं मुख्य वाक्य तिथंच लिहिलं: उपाशी मूळ जास्त नंबर फिरवतं. इंग्रजीत ते अर्थात रुबाबदार होतं. मुंबईतल्या एका परिसंवादात त्यांनी ते मांडलं आणि एका मोठ्या शास्त्रज्ञानं उभं राहून कौतुक केलं. परत येताना कामोठ्याला माझ्या घरी चहाला थांबल्या. कधी नव्हे ते स्वतःबद्दल बोलल्या.

"मी जन्मभर लोकांचं बोलणं जोडून दिलं," त्या म्हणाल्या. "माझं स्वतःचं म्हणून सांगायचं असं एक वाक्यही नव्हतं. आता आहे."

मी त्यांना आणखी चहा दिला. दुसरं काय देणार?

दुसरा हंगाम फक्त पक्कं करण्यासाठी होता. प्रबंध बराचसा टाइप झाला होता. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती, ती संपायच्या आत समितीपुढे सादरीकरण करून प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. मीच आगाऊपणा करून सांगितलं की या वेळी आठवड्यातून एकदा नको, मातीचा श्वास रोज मोजू. मातीतले जिवाणू खाऊन-पिऊन कामाला लागले की श्वास सोडतात. ओळीवर बरणी उलटी ठेवून तो पकडता येतो आणि मोजता येतो. मॅडम रोज पहाटे रिक्षानं सुकापूरला जाऊ लागल्या. सुरुवातीला महिनाभर उपाशी ओळी गप्पच होत्या. गाइड म्हणाले मुळं कोवळी आहेत. मग त्या अचानक जाग्या झाल्या आणि मागच्या वर्षीसारखा बोर्ड पेटला. आम्ही निश्चिंत झालो.

मग मला आलेखात खड्डे दिसले. उपाशी ओळींचा श्वास दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी सकाळी खाली जायचा. बाकीच्या ओळींचा जायचा नाही. मला आधी माझ्या हिशेबावर शंका आली, मग विजेवर, कारण शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. पण बरणीला वीज लागत नाही आणि मंगळवारी वीज असते. थर्माकोलच्या खोक्यावर संशय घेतला. पण खोका सगळ्या ओळींना एकच. शेजारच्या टॉवरचं सिमेंटचं पाणी येत असेल म्हणावं, तर ते नेमकं उपाशी ओळी शोधत कसं येईल? माझ्या चिठ्ठ्यांनी त्या सगळ्या शेतभर विखुरल्या होत्या.

गाइडना मी हे भीतभीत सांगितलं, तर ते हर्षभरित झाले. त्यांच्या मते हा सात दिवसांचा जैविक ताल होता. भुकेल्या वनस्पतीत आठवड्याचं घड्याळ. त्यांनी शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं आणि त्यात स्वतःचं नाव कुठं येईल तेही.

मॅडमनी आलेख हातात घेतला. एकदा उभा धरून बघितला, एकदा आडवा.

"दिवस सूर्यानं केला," त्या म्हणाल्या. "महिना चंद्रानं केला. आठवडा माणसांनी केलाय. वालाला मंगळवार कळत नाही. आमच्या बोर्डावर रविवार वेगळा दिसायचा तो माणसांमुळे." मग कागद माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "लाईनवर तिसरं कुणीतरी आहे."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही संध्याकाळी सुकापूरला गेलो. बुधवार होता. मॅडम बांधावर रुमाल टाकून बसल्या, मी उभीच राहिले, कारण माझा पंजाबी ड्रेस नवा होता. थोड्या वेळानं घराचं मागचं दार उघडलं आणि हिराकाकी अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं घेऊन बाहेर आली. पातेल्यात बांगडे धुतलेलं पाणी. तिनं आम्हाला बघून मान हलवली आणि सरळ शेतात शिरली. रिबिनी नसलेली पहिली काठी आली, तिनं तांब्या बुडवून ओळीत पाणी सोडलं. मग तीन रिबिनीवाल्या ओळी ओलांडून पुढची नुसती काठी. तिथं एक तांब्या. एकही ओळ चुकली नाही, एकही जास्तीची झाली नाही. माझ्या चिठ्ठ्यांवर इतक्या निष्ठेनं कुणी काम केलं नसेल.

मॅडमनी विचारलं, हे कधीपासून?

"पयल्यापासून," काकी म्हणाली. "गेल्या साली पन घातला. बाई, तुमी बाकीच्यांना काय काय देता. यांच्या बाजूला येता नि हात हालवत पुडं जाता. मना बगवत नाय. लेकरू असता तर असा केला असता का?"

मीच विचारलं, सोमवारी काय करता?

"सोमवारी नि गुरवारी आमच्यात मासली नाय. मार्गशीरसात तर म्हयनाभर नाय. मग त्यांचा पन उपास." आमचे चेहरे बघून तिनं पातेलं खाली ठेवलं. "माझा काय चुकला का?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं: मंगळवार, शुक्रवार, सुरुवातीचा गप्प महिना, मागच्या वर्षीचा पेटलेला बोर्ड आणि ते वाक्य. आमच्या उपाशी ओळी हे शेतातलं सगळ्यांत खाल्लंप्यालेलं गिऱ्हाईक होतं. मी तोंड उघडलं, तर मॅडमनी माझा हात धरला.

"काही चुकलं नाही," त्या काकीला म्हणाल्या. "काटे तेवढे काढून ओतत जा. सकाळी माझ्या शूजमध्ये जातात."

परत येताना मी चिडले होते. तिला निदान थांबवा तरी, म्हटलं. त्या म्हणाल्या, चालू कॉल तोडत नाहीत. हंगाम संपेपर्यंत काकी रोज तांब्या ओतत राहिली, सोमवार-गुरुवार सोडून, आणि मॅडम रोज पहाटे तिथला श्वास मोजत राहिल्या. कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

मी माझ्या परीनं मार्ग काढला होता. मासळीच्या पाण्याचाच प्रबंध करा, म्हटलं. त्यातही विज्ञान आहेच. पण त्यासाठी खरोखरच्या उपाशी ओळी हव्यात, म्हणजे आणखी एक हंगाम हवा, आणि पुढच्या हंगामात तिथं बिल्डरचा भराव असणार होता. मुदतही तेव्हा संपलेली असणार. गाइडचा मार्ग सोपा होता. ते म्हणाले, हे मधलं लिहायचंच नाही. मागच्या वर्षीचे आकडे आठवड्याचे आहेत, त्यात खड्डे दिसत नाहीत, तेवढेच द्या. कुणाच्या शेतात संध्याकाळी कोण काय ओततं हे आजवर कुठल्याही समितीनं विचारलेलं नाही. खोटं काहीच लिहायचं नव्हतं. फक्त बांगड्यांचा उल्लेख टाळायचा होता. ठाऊक असलेली माणसं मोजून चार, त्यांतल्या एकीला आपण काय केलं हेच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की त्यांनी गप्प राहावं. इतक्या वर्षांनी एक बाई स्वतःचं काही बोलायला उभी राहते, तिला बोलू द्या ना.

सादरीकरणाला मी मागच्या रांगेत बसले होते. मॅडमनी नवी साडी नेसली होती; शूज तेच. त्यांनी पहिल्या हंगामाचं जाळं दाखवलं, पिवळ्या दिव्यांसकट. समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, सुंदर. मग मॅडमनी पुढचा आलेख लावला, खड्ड्यांचा.

"या ओळींना मी काही देत नव्हते," त्या म्हणाल्या. "पण शेजारच्या घरातून त्यांना रोज मासळी धुतलेलं पाणी मिळत होतं, सोमवार आणि गुरुवार सोडून. दोन्ही हंगाम. हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून मघाचं वाक्य मी मागे घेते."

कुणीतरी हसलं आणि मग आपण एकटेच हसतोय म्हणून थांबलं. गाइड छताकडे बघत होते. अध्यक्ष भला माणूस होता. त्यांनी सुचवलं की तो भाग वगळा, उरलेला प्रबंध मुदतीत द्या, पदवीपुरता तो पुरेसा आहे. आम्ही शिफारस करू. मी मागे बसून मनात म्हणत होते, हो म्हणा, बाई, एकदा हो म्हणा.

"उरलेलं सगळं इतरांनी आधी म्हटलेलं आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "मी ते नुसतं जोडून दिलंय. ते काम मी पूर्वी पगारावर करत होते."

त्यांनी पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला, समितीला नमस्कार केला आणि समितीतलं सगळ्यात शेवटचं माणूस बाहेर जाईपर्यंत व्यासपीठावर उभ्या राहिल्या. मार्च संपला तशी नोंदणीही संपली. कॉलेजात कुणी विचारलं तर त्या सांगत, राहिलं. मला त्यांचा राग आला होता. अजूनही मधूनच येतो. पण त्याआधी आणि त्यानंतर मी कितीतरी प्रबंधांचे आकडे जुळवून दिले, सगळे डॉक्टर झाले, आणि त्यांतल्या एकाचंही वाक्य मला आठवत नाही.

एप्रिलमध्ये आम्ही काठ्या काढायला सुकापूरला गेलो. शेताच्या एका कोपऱ्यात भरावाचा पहिला ढीग येऊन पडला होता. मॅडम एकेक काठी उपटून मातीसकट पिशवीत टाकत होत्या आणि मी रिबिनी सोडवत होते. हिराकाकी चहा घेऊन आली. बाईंची मुंबईत मोठी परीक्षा होती हे तिला कुठूनतरी कळलं होतं.

"झालात ना पास?" तिनं विचारलं.

मी मॅडमकडे बघितलं. या बाईनं भरल्या सभेत स्वतःचं वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं होतं. दह्यालाही तिनं कधी खोटं नाव दिलं नव्हतं.

"झाले," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे आता डॉक्टर?"

"हो."

काकीचा चेहरा उजळला. कपबशी खाली ठेवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. "माझा मन सांगत व्हता," ती म्हणाली. "यांच्या तोंडात कायतरी पडला म्हंजे तुमचा पन चांगला व्हनार."

"त्या ओळींमुळेच झालं," मॅडम म्हणाल्या.

मी रिबिनींकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. हिराकाकी बांधावर टेकली, साडी थोडी वर घेतली आणि उजवा पाय पुढे केला.

"मग डॉक्टरबाई, ह्यो गुडघा तेवडा बगा. वरसभर सुजलाय. त्या दवाखान्यात नुसत्या गोल्या देतात, हात पन लावत नाय."

आता मॅडम काय करतात म्हणून मी वर बघितलं. त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली, हाताची माती साडीला पुसली आणि तिच्यासमोर त्या उकिडव्या बसल्या. गुडघा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं हळूच दाबून बघितला आणि विचारलं, "कधीपासून दुखतोय?"